ऊसतोड टोळ्यांना जोराचा रक्तस्राव थांबवायला शिकवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे विशेष शिबिर यंदा ऊसपट्ट्यातील एका गावात, ऐन गाळप हंगामात होणार आहे. त्यात गावकऱ्यांना आणि तोडणीसाठी आलेल्या टोळ्यांना जोराचा रक्तस्राव थांबवण्याचे प्रात्यक्षिक द्यावे असा तुमचा विचार आहे. पण गावातील एका डॉक्टरांनी ‘सामान्य माणसाला टूर्निके, म्हणजे रक्त रोखण्यासाठी हातापायाला आवळून बांधायचा पट्टा, शिकवू नका, अर्धवट ज्ञानापायी एखाद्याचा पाय जाईल’ असा इशारा दिला आहे. शिकवावे की नाही, शिकवायचे तर काय आणि कसे, आणि मदत करणाऱ्यावर उद्या पोलिसांचे किंवा दवाखान्याचे काही शेकेल का, असे तुम्ही विचारले आहे. मी ग्रामीण भागात शस्त्रक्रिया करते आणि हे प्रशिक्षणही बरीच वर्षे देत आले आहे. त्या अनुभवावरून सविस्तर लिहिते.

शिकवावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. साठ किलो वजनाच्या प्रौढ माणसाच्या अंगात साधारण चार-सव्वाचार लिटर रक्त असते. त्यातले ४० टक्क्यांहून अधिक गेले, तर तातडीच्या उपचारांशिवाय माणूस वाचत नाही, आणि मांडीतली मोठी धमनी पूर्ण तुटली तर तेवढे रक्त जायला काही मिनिटे पुरतात. दहा किलोच्या लेकराच्या अंगात तर सगळे मिळून पाण्याच्या एका लिटरच्या बाटलीपेक्षाही कमी रक्त असते. टोळीबरोबर कोपीवर, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपडीवर, लहान मुले असतातच, म्हणून हे मुद्दाम सांगते. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते आहे आणि तिने पुष्कळ जीव वाचवले आहेत. पण उसाचा फड डांबरी रस्त्याला लागून क्वचितच असतो. गाडीरस्त्याने, दोन्ही बाजूंच्या उभ्या उसातून वाट काढत ती येईपर्यंत जखमीजवळ जो उभा आहे त्याने काही केले नसेल, तर पुढे आमच्या हाती फारसे काही उरत नाही.

आता डॉक्टरांच्या इशाऱ्याविषयी. त्यांची भीती निराधार नाही, परंतु तिचा रोख थोडा चुकला आहे. टूर्निकेला जुना इतिहास आहे. पॅरिसचे शल्यचिकित्सक झाँ-लुई पेती यांनी १७१८ साली स्क्रूने आवळता येणारे टूर्निके पुढे आणले. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिक पट्टा बांधलेल्या अवस्थेत तासन्‌तास खंदकात पडून राहिले, अनेकांचे अवयव गेले, आणि तेव्हापासून ‘टूर्निके म्हणजे पाय गमावणे’ हे समीकरण वैद्यकीय शिक्षणात घट्ट बसले. इराक आणि अफगाणिस्तानातील युद्धांच्या काळात ते मोडले. जखमी माणूस बेशुद्धीकडे झुकण्याआधी पट्टा बांधला आणि त्याला लवकर शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचवले, तर जीव वाचतो आणि केवळ पट्ट्यामुळे अवयव जाण्याचे प्रमाण अगदी नगण्य राहते, असे तेथे दिसून आले. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेतील कनेटिकट राज्यात एका शाळेत गोळीबार झाला. त्यानंतर एप्रिल २०१३ मध्ये डॉ. लेनवर्थ जेकब्स यांच्या पुढाकाराने शल्यचिकित्सक, पोलीस आणि अग्निशमन दलाची माणसे हार्टफर्ड येथे एकत्र बसली आणि हे ज्ञान सामान्य नागरिकांपर्यंत नेण्याचे ठरले. त्याच महिन्यात बॉस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले आणि तेथे लोकांनी हाताशी जे सापडले त्याने जखमींचे पाय आवळले. ऑक्टोबर २०१५ मध्ये ‘स्टॉप द ब्लीड’ या नावाने मोहीम सुरू झाली, ती या सगळ्यातून.

आपल्याकडे याहून जवळचा दाखला आहे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत अस्थिरोगतज्ज्ञ मांडीला हवेने फुगणारे टूर्निके बांधून दीड-दोन तास काम करतात आणि रुग्ण नंतर स्वतःच्या पायांनी घरी जातो. ऊसपट्ट्यातील बहुतेक गावांपासून शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय दोन तासांच्या आत गाठता येते. अक्राणी किंवा मेळघाटासारख्या दुर्गम भागात ते शक्य होईलच असे नाही; तरीही जीव आणि अवयव यांतून निवड करायची वेळ आली, तर तेथेही मी पट्टा बांधा असेच सांगेन.

खरा धोका सैल पट्ट्याचा असतो. अर्धवट आवळलेल्या पट्ट्याने वरवरच्या शिरा बंद होतात, खोलवरची धमनी मात्र चालूच राहते. म्हणजे रक्त खाली जात राहते, परतीची वाट बंद होते आणि जखमेतून आधीपेक्षा जास्त रक्त वाहू लागते. सुतळी, नाडा, तार किंवा बारीक दोरी बांधली तर ती कातडीत रुतते, खालची नस चेचते आणि तरीही धमनी बंद होत नाही. तुमच्या डॉक्टरांनी पाहिलेली वाईट उदाहरणे बहुधा अशीच असतील. त्यावर उपाय पट्टा नीट आणि पुरेसा घट्ट बांधायला शिकवणे हाच आहे.

तरीसुद्धा शिकवताना पट्टा पहिल्यांदा आणू नका. जवळजवळ सगळ्या जखमा हाताच्या दाबाने आटोक्यात येतात, आणि दाब देणे ही वाटते तितकी सोपी गोष्ट नाही. लोक जखमेवर रुमाल ठेवतात, तळहाताने हलकेच धरतात आणि दर अर्ध्या मिनिटाने उचलून पाहतात. प्रत्येक वेळी उचलताना जमू लागलेली गुठळी निघून येते. म्हणून सर्वांत आधी हे अंगवळणी पाडा : कपडा बाजूला करून किंवा फाडून जखम उघडी करायची, रक्त नेमके कोठून येते ते पाहायचे, तेथे स्वच्छ कापडाची जाड घडी ठेवायची, दोन्ही हात एकावर एक ठेवून, कोपरे ताठ करून, गुडघ्यांवर बसून अंगाचा भार त्यावर द्यायचा आणि मोबाईलच्या घड्याळात दहा मिनिटे पूर्ण होईपर्यंत हात उचलायचा नाही. फडात याला एक अडचण येते, ती मी शिकवताना नेहमी दाखवते. खाली पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, असेल तर पाय त्यात दबत जातो आणि दिलेला जोर जखमेपर्यंत पोहोचतच नाही. जखमीला आधी बांधावर किंवा कडक जमिनीवर घ्यावे, किंवा पायाखाली लाकडाची फळी सारावी. कापड भिजले की त्यावर आणखी कापडे रचत जाण्याची सवय सर्वत्र आढळते. त्याने दाब पसरतो आणि रक्त आत झिरपतच राहते. कापड भराभर भिजत असेल तर दाब चुकीच्या जागी पडतो आहे असे समजावे, एकदाच उचलून उगम शोधावा आणि तेथे बोटांनी पुन्हा नेमका दाब द्यावा.

काही हंगामांपूर्वी आमच्याकडे एक तोडणी कामगार आला. कोयता निसटून त्याच्या नडगीच्या आतल्या बाजूला खोल लागला होता. त्याच्या बायकोने पदराची घडी करून दोन्ही अंगठे जखमेत रोवले होते आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून येताना सगळ्या रस्ताभर तिने ते काढले नव्हते. शस्त्रक्रियागृहाच्या दारात आम्ही तिला हात काढायला सांगितले, तेव्हा बोटे आखडल्यामुळे तिला ती लवकर उघडता येईनात. तिला कोणी शिकवलेले नव्हते, पण दाब कसा द्यावा हे सांगताना माझ्या डोळ्यांसमोर तीच उभी असते.

टूर्निकेची वेळ येते ती हात किंवा पाय तुटला असेल, रक्त चिळकांड्यांनी उडत असेल, दाबूनही थांबत नसेल, किंवा एकाच वेळी दोन जखमी असतील आणि दाबायला हात पुरत नसतील तेव्हा. कडबाकुट्टी यंत्रात गेलेला हात आणि रोटाव्हेटरमध्ये सापडलेला पाय ही त्याची आपल्याकडची नेहमीची उदाहरणे. तयार पट्टा मिळाला तर उत्तमच, मात्र स्वस्तातल्या नकली पट्ट्यांच्या पिळायच्या काड्या ऐन वेळी मोडतात, म्हणून विकत घेतल्यावर एक पट्टा पूर्ण आवळून तपासून पाहावा. तयार पट्टा नसेल तर उपरण्याची किंवा ओढणीची तीन बोटे रुंद घडी करावी, जखमेच्या वर चार बोटे अंतरावर, कोपर किंवा गुडघा टाळून, अवयवाभोवती गुंडाळून अर्धी गाठ मारावी, तिच्यावर ट्रॅक्टरच्या पेटीतला पाना किंवा मजबूत काठीचा तुकडा ठेवून पुरी गाठ मारावी आणि रक्त पूर्ण थांबेपर्यंत पीळ द्यावा. मग काठी सुटू नये म्हणून तिचे टोक दुसऱ्या कापडाने बांधावे. कमरेचा चामडी पट्टा यासाठी चालत नाही, कारण तो पुरेसा पिळता येत नाही. नीट बांधलेले टूर्निके फार दुखते, जखमी ओरडतो, ‘सोडा’ म्हणून विनवतो; हे आधी सांगितले नाही तर बांधणारा घाबरून सैल करतो. एका पट्ट्याने रक्त थांबले नाही तर त्याच्या वर दुसरा बांधावा.

दर पंधरा-वीस मिनिटांनी पट्टा सैल करून पुन्हा आवळावा, असे पूर्वी शिकवले जाई आणि अजूनही काही ठिकाणी सांगितले जाते. तसे करू नये. प्रत्येक वेळी थोडे थोडे रक्त जाते आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत माणूस रिता होतो. बांधल्याची वेळ पेनने कपाळावर किंवा पट्ट्यावर लिहावी आणि तो सोडण्याचे काम डॉक्टरांवर ठेवावे.

जांघ, काख आणि खांद्याजवळच्या जखमांना पट्टा बांधताच येत नाही. तेथे गॉझ किंवा स्वच्छ कापडाची लांब पट्टी बोटाने जखमेच्या तळापर्यंत, रक्त येते त्या जागेवर, ठासून भरावी लागते आणि वरून दहा मिनिटे दाब द्यावा लागतो. छाती आणि पोटाच्या जखमांमध्ये असे काही भरू नये. त्यांना तातडीने रुग्णालयाखेरीज उपाय नाही. जखमेत सळई किंवा यंत्राचा तुकडा रुतला असेल तर तो उपसू नये, त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबावे. तुमचे शिबिर जानेवारीत असेल तर मानेच्या जखमेचाही विषय निघेल, कारण बंदी असूनही नायलॉन मांजाने दुचाकीस्वारांचे गळे कापण्याच्या घटना संक्रांतीच्या सुमारास घडतात. मानेला कधीही काही गुंडाळून बांधू नये. ज्या बाजूला जखम आहे त्याच बाजूला बोटांनी नेमका दाब द्यावा आणि श्वास मोकळा राहतो की नाही यावर लक्ष ठेवावे.

ऊसपट्ट्यात आणखी एक गोष्ट त्याच बैठकीत न चुकता सांगावी लागते. सर्पदंश झाल्यावर दंशाच्या वर करकचून बांधण्याची चाल आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि ती घातक आहे. तुम्ही लोकांना पट्टा बांधायला शिकवाल आणि आठवड्याने फडात कोणाला साप चावला तर तोच पट्टा तेथे बांधला जाईल. म्हणून टूर्निके फक्त वाहत्या रक्तासाठी असते, सर्पदंशात काहीही आवळायचे नाही, तो अवयव हलू न देता रुग्णाला रुग्णालयात न्यायचे, हे प्रात्यक्षिकाच्या मध्येच थांबून दोनदा सांगा आणि त्यांच्याकडून वदवून घ्या. हळद, चहापूड, चुना, तंबाखू किंवा माती जखमेत भरण्याबाबतही बोलावे लागेल, पण हिणवू नका. किरकोळ कापल्यावर हळद लावून बरे वाटल्याचा अनुभव प्रत्येक घरात आहे. मोठ्या धमनीवर तिचा उपयोग होत नाही आणि ती भरण्यात दाबायची मिनिटे जातात, एवढे सांगितले की लोक ऐकतात.

शिकवण्याच्या पद्धतीविषयी मी आग्रही आहे. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत प्रशिक्षकाकडून प्रत्यक्ष शिकलेल्यांपैकी सुमारे ८८ टक्के लोकांनी टूर्निके बरोबर बांधले. नुसती चित्रांची सूचनापत्रे दिलेल्यांमध्ये हे प्रमाण एक चतुर्थांशाच्याही खाली राहिले, आणि ज्यांना काहीच सांगितले नव्हते त्यांच्यात ते सुमारे १६ टक्के होते. म्हणजे भिंतीवर भित्तिपत्रक लावून किंवा मोबाईलवर चित्रफीत पाठवून काम झाले असे मानता येत नाही. त्याच चाचणीत तीन ते नऊ महिन्यांनी पुन्हा पाहिले तेव्हा शिकलेल्यांपैकी सुमारे ५५ टक्क्यांनाच ते बरोबर जमले. त्यामुळे दर हंगामाच्या सुरुवातीला उजळणी हवीच.

दीड तासाच्या बैठकीत व्याख्यान पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको. सुरुवातीला एक लिटर लाल पाणी जुन्या गोधडीवर ओता आणि दुसरे एक लिटर मातीत ओता. गोधडीवर केवढा डाग पडतो आणि मातीत ते किती पटकन नाहीसे होते, हे पाहिल्यावर काळ्या पँटवरचे किंवा फडातल्या मातीवरचे रक्त कमी दिसते म्हणून कमी समजायचे नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही. त्यानंतर नमुना घ्या. गादीवाल्याकडे मिळणारा जाड फोमचा उशीएवढा तुकडा घेऊन त्याला चार बोटे लांब आणि खोल चीर द्यावी, सलाइनची नळी खालून आणून चिरेच्या तळाशी सोडावी आणि तिचे दुसरे टोक लाल पाण्याच्या मऊ प्लास्टिक बाटलीला घट्ट बसवावे. एक स्वयंसेवक नाडीच्या ठेक्याने बाटली दाबत राहतो, शिकणारा चिरेत कापड भरतो. कापड वरवर कोंबले तर पाणी कडेने येत राहते. बोट तळाशी नळीच्या तोंडावर पोहोचले की बाटली दाबणाऱ्याच्या हाताला एकदम अडल्यासारखे जाणवते आणि तो ‘लागले’ म्हणून ओरडतो. हा क्षण प्रत्येकाच्या हाताला मिळाला पाहिजे, म्हणून आठ-दहा जणांमागे एक प्रशिक्षक आणि एक नमुना ठेवा. टूर्निकेचा सराव एकमेकांच्या दंडावर करावा, मनगटाची नाडी लागेनाशी झाली की लगेच सोडावा. मधुमेह किंवा रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांवर तो करू नये.

शिकायला कोण बसते, हे साहित्याहून महत्त्वाचे आहे. तोडणीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता धरतात. तो ऊस तोडतो आणि ती मागे मोळ्या बांधते, म्हणजे कोयता लागला तर पहिली पोहोचणारी व्यक्ती बहुतेक वेळा तीच असते. कार्यक्रमाला मात्र मुकादम आणि चार पुरुष येतात आणि बायका कोपीवर स्वयंपाकाला थांबतात. जोड्यांनी या असे मुकादमाला आधीच सांगा, बैठक संध्याकाळी कोप्यांपाशीच घ्या आणि लेकरे सांभाळायला विद्यार्थिनी ठेवा. ट्रॅक्टरचालकाला सोडू नका, कारण जखमीला घेऊन निघणारा तोच असतो. कोणी एकाने दाबायचे, दुसऱ्याने १०८ किंवा ११२ ला फोन लावायचा आणि तिसऱ्याने डांबरी रस्त्यावर जाऊन रुग्णवाहिकेला फडाची वाट दाखवायची, अशी कामे सरावातच वाटून घ्या. हंगाम थंडीतला, तोडणी भल्या पहाटेची आणि अंगावरचे कपडे दवाने ओले, म्हणून जखमीला घोंगडीत गुंडाळायलाही शिकवा. अंग गार पडले की रक्त गोठेनासे होते. पुढे भूल द्यावी लागेल, त्यासाठी पाणी किंवा चहा पाजू नये.

कायद्याची भीती मात्र खरोखर सोडून द्यावी. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी रस्ते अपघातातील मदतगारांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आले. रस्ते अपघातात सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, पोलीस त्याला नाव सांगण्याची सक्ती करू शकत नाहीत आणि रुग्णालय त्याला अडवून पैसे मागू शकत नाही. हे कलम मोटार अपघातापुरते आहे, पण फडातल्या सहकाऱ्याची जखम दाबून धरल्याबद्दल कोणी गुन्हेगार ठरत नाही, हेही लोकांना स्पष्ट सांगा. दुसऱ्याच्या रक्ताची भीती वाटते त्यांना हातावर प्लास्टिकची पिशवी चढवायला शिकवावे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू होईपर्यंत कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४५ नुसार कारखान्यात दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी आणि तिच्यासाठी प्रशिक्षित माणूस असावा लागे. ती पेटी कारखान्याच्या आवारात असते आणि तोडणीवाले मैलोन्‌मैल दूर फडात असतात. कारखान्याच्या शेती विभागाशी बोलून प्रत्येक टोळीच्या ट्रॅक्टरमध्ये एक लहान पिशवी ठेवता आली तर तुमचे निम्मे काम होईल : दोन तपासलेली टूर्निके, गॉझची चार मोठी पाकिटे, रुंद पट्ट्या, हातमोजे, कात्री, न पुसणारे पेन आणि जवळच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयाचा क्रमांक.

आणि ज्या डॉक्टरांनी तुम्हाला इशारा दिला, त्यांनाच बैठकीला बोलवा. पट्टा बांधून आलेला रुग्ण दारात येताच तो उघडून पाहण्याची घाई कर्मचाऱ्यांनी करू नये, लिहिलेली वेळ वाचावी आणि शिरेत सुया लावून, सलाइन आणि रक्ताची तयारी झाल्यावरच पट्टा सोडावा, हे त्यांच्या दवाखान्यातही ठरलेले असले पाहिजे. शिबिराच्या आधी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात त्यांच्यासह एक चक्कर मारून हे बोलून घ्या आणि रात्री शस्त्रक्रिया होत नसेल तर जखमीला थेट कोठे न्यायचे, ते टोळीला शिबिरातच सांगून ठेवा.